पांढऱ्या खोलीचा नियम

लाँड्रीच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती, तिला सगळे पांढरी खोली म्हणत. भिंती काही पांढऱ्या नव्हत्या, वाफेनं त्या केव्हाच पिवळट पडल्या होत्या. पण धुऊन, खळ देऊन, इस्त्री होऊन तयार झालेले पांढरे कपडे तिथे दांड्यांवर टांगलेले असायचे. हॉटेलांच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, कुणाचा समारंभाचा झुळझुळीत पोशाख. त्या खोलीला एकच नियम होता: पांढऱ्यावर थेंब नको. चहाचा नको, शाईचा नको, इस्त्री करणाऱ्याच्या कपाळावरच्या घामाचासुद्धा नको. परत धुतलेला कपडा गिऱ्हाइकाला हात लावताच कळतो, असं नियम करणारीचं ठाम मत होतं.

नियम करणारी म्हणजे या घराची भिंगरी. हे नाव नवऱ्यानं ठेवलेलं आणि ते तिला इतकं चपखल बसलं की गिऱ्हाइकंही मागून तेच म्हणत. चहा ओतता ओतता तिला मशीन आठवायचं, मशीनपाशी गेली की कुणाच्या तरी कोटाचं सैल बटण दिसायचं, बटणासाठी सुई शोधताना काउंटरची घंटा वाजायची, आणि चहा तिकडे गारढोण. नवरा तसा नव्हता. तो इस्त्रीच्या टेबलाशी उभा राहिला की झाडासारखा उभा राही आणि चादर संपेपर्यंत मान वर करत नसे. त्याची थोरली बहीण काउंटरवर बसून बटणं टाकायची, काजं करायची आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर सल्ला द्यायची. तिला सगळे आत्याच म्हणत, गिऱ्हाइकंसुद्धा.

आणि एक मुंगी होती. भिंगरीची आठ वर्षांची मुलगी. साखरेच्या डब्याच्या आसपास सापडते म्हणून बाबानं मुंगी म्हणायला सुरुवात केली, ते राहिलंच. शाळेतून आली की ती पांढऱ्या खोलीच्या दाराशी, कपडे वाळवायच्या मशीनला पाठ टेकून अभ्यासाला बसायची. बाहेर हाडं गोठवणारी कोरडी थंडी आणि तिथे पाठीला छान ऊब.

पहिल्यांदा तिच्या नाकातून रक्त आलं ते तिथेच. ती चित्र रंगवत होती. कागदावर लाल थेंब पडला तेव्हा तिला वाटलं रंगच सांडला, म्हणून ती फडकं घ्यायला उठली आणि दुसरा थेंब शेजारी टांगलेल्या डॉक्टरांच्या कोटाच्या बाहीवर. भिंगरीनं ते पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की काउंटरवर आत्याच्या बोटात सुई घुसली.

"मान वर! वर कर! वर बघ, छताकडे बघ!"

एका हातानं तिनं पोरीची हनुवटी वर ढकलली आणि दुसऱ्या हातानं कोट दांडीवरून ओढून घेतला. आत्या धावत आली, तिनं डोक्यावर गार पाण्याचे हबके मारले. बाबानं मुंगीला तसंच, तोंड आभाळाकडे करून उचललं आणि न्हाणीघरात नेलं. रक्त थांबलं. कोट पुन्हा धुतला गेला. पण तेव्हापासून त्या घरात एक रीत पडून गेली. नाकातून रक्त आलं की पहिला हात नाकाकडे जायचा नाही, कपड्यांकडे जायचा.

त्या थंडीत रक्त पुन्हा आलं, पुन्हा आलं. मुंगी हळूहळू त्यात तरबेज झाली. नाकात काहीतरी कोमट उतरतंय असं वाटलं की ती पेन्सिल खाली ठेवायची, मान मागे टाकायची आणि काठोकाठ भरलेला पेला न्यावा तशी, एक शब्द न बोलता, न्हाणीघराकडे चालायला लागायची. आरडाओरडा नाही, रडणं नाही, कुठे थेंब नाही. भिंगरीला कौतुक वाटायचं. शहाणी आहे माझी पोर, ती गिऱ्हाइकांना सांगायची. पुढे पुढे तर रक्ताचा विषयच निघेनासा झाला. वाढत्या वयाचं काहीतरी असेल, गेलं एकदाचं, असं समजून ती दुसऱ्या हजार गोष्टींमागे धावायला मोकळी झाली.

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती, पण तिच्यापाशी थांबायला तिला सवड नव्हती. मुंगी रोज तोच लालभडक, काळपट होत चाललेला स्वेटर घालायची. धुवायला काढ म्हटलं तरी काढायची नाही.

मग शाळेच्या गाण्याच्या बाई आल्या. शनिवारी दुपारी गाण्याचा कार्यक्रम होता, मोठ्या सभागृहात. सगळ्या मुलींचे पांढरे फ्रॉक खळ देऊन, इस्त्री करून हवे होते, आणि ते न्यायला त्या स्वतः शनिवारी सकाळी येणार होत्या. "आणि आमची दुसऱ्या रांगेतली गायिका इथेच राहते ना?" त्या मुंगीकडे बघून हसल्या. "आवाज खणखणीत आहे हं तुमच्या मुलीचा."

भिंगरीला आकाश ठेंगणं झालं. रात्री जेवताना तिनं मुंगीला सगळ्यांसमोर गाणं म्हणून दाखवायचा हुकूम सोडला, तेव्हा मुंगी ताटाकडे बघत म्हणाली, "मी नाही गाणार."

"का? घशाला काय झालं?"

"काही नाही."

"मग घाबरलीस होय? अगं, समोरचे लोक म्हणजे कोबीचे गड्डे समजायचे."

"मी नाही घाबरत. मला पांढरं आवडत नाही."

यावर आत्या तर ठसका लागेपर्यंत हसली. लाँड्रीत जन्मलेली पोर आणि म्हणे पांढरं आवडत नाही! बाबाही हसला. भिंगरी हसली, मग चिडली, मग म्हणाली की नखरे पुरेत, गायचं म्हणजे गायचं.  मुंगीनं पोळीचा घास मोडला आणि तसाच ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या मुंगीला उलटी झाली. काळी, चहाच्या चोथ्यासारखी. भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं. आत्या म्हणाली पित्त असेल, बाबा म्हणाला आधी चूळ भरू दे, पण भिंगरी कुणाचं ऐकायला जाग्यावर होती कुठे? तिनं पोरीला कडेवर घेतलं, आठ वर्षांची लांबलचक पोर, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात नवऱ्याची, आणि चौक ओलांडून नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात शिरली. तिथेच का, तर त्यांचे कोट ती धुवायची, तेवढा एकच दवाखाना तिला त्या क्षणी आठवला.

डॉक्टरीणबाईंनी मुंगीचं पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, अंगावर कुठे निळे डाग आहेत का, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं का, घरात कुणाला असा त्रास आहे का, ते विचारलं. मग डोक्याला दिवा बांधून नाकात डोकावल्या आणि बराच वेळ डोकावूनच राहिल्या.

"हिच्या नाकातून रक्त येतं?"

"यायचं," भिंगरी म्हणाली. "हल्ली येत नाही."

"हल्ली किती वेळा येतं गं?" डॉक्टरीणबाईंनी आता मुलीला विचारलं.

मुंगीनं आईकडे बघितलं नाही. "जवळजवळ रोज," ती म्हणाली.

भिंगरी खुर्चीतून उठली, पुन्हा बसली. "रोज? आणि मला..."

"येतं तेव्हा तू काय करतेस?"

"वर बघते. आणि गिळते."

"गिळतेस?"

"सांडायला नको म्हणून."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही," मुंगी म्हणाली. "आमच्याकडे असंच करतात."

डॉक्टरीणबाईंनी दिवा काढून टेबलावर ठेवला. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच भिंगरीला जास्त लागलं. "मान वर केली की रक्त थांबत नाही," त्या म्हणाल्या, "नुसतं दिसेनासं होतं. मागच्या मागे घशात उतरतं, घशातून पोटात जातं. पोटाला रक्त मानवत नाही, ते परत पाठवतं. आज तुम्ही जे पाहिलं ते तेच."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. दोन नाकपुड्यांच्या मधे जो पडदा असतो, त्याच्या पुढच्या भागात बारीक नसांचं जाळं असतं. कोरड्या हवेनं तिथली कातडी तडकते, खपली धरते, मूल ती खपली बोटानं काढतं, की पुन्हा रक्त. बहुतेक मुलांचं एवढंच असतं. रक्ताची तपासणी करून घेऊ, म्हणजे बाकी काही नाही याची खात्री होईल. मलम सकाळ-संध्याकाळ नाकाच्या पुढच्या भागात लावायचं, नखं कापायची, झोपायच्या खोलीत हवा फार कोरडी राहू द्यायची नाही. एवढ्यानं भागलं नाही तर औषधाची काडी लावून ती नस बंद करता येते, पण ती पुढची गोष्ट.

"आणि अभ्यासाला कुठे बसते ही?"

"वाळवायच्या मशीनपाशी," भिंगरी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं.

"आता रक्त आलं तर काय करायचं ते बघा." त्यांनी मुंगीला सरळ बसवलं आणि पुढे वाकवलं. "मान खाली. तोंडानं श्वास. तोंडात आलं तर थुंकायचं, गिळायचं नाही. आणि इथे धरायचं. वरच्या हाडावर नाही, त्याच्या खाली, जिथे नाक मऊ आहे तिथे. दोन्ही नाकपुड्या मिटल्या पाहिजेत. दहा मिनिटं."

"दहा?"

"घड्याळ लावून. मधे उघडून बघायचं नाही."

"म्हणजे थोडंसं, थांबलंय का एवढंच..."

"थोडंसंसुद्धा नाही. आत रक्त गोठायला लागलेलं असतं. तुम्ही उघडलंत की पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटांनी नाही थांबलं तर पुन्हा दहा. तरी नाही थांबलं, तर सरळ इकडे या."

भिंगरीनं मान डोलावली. आयुष्यात ती एका जागी दहा मिनिटं बसली होती ती बहुधा मुंगी जन्मली तेव्हाच, आणि तेव्हाही तिनं नर्सला खिडकीचा पडदा मळलाय म्हणून दोनदा सांगितलं होतं.

तपासणीत काही वावगं निघालं नाही. घरी बाबानं मुंगीचं टेबल उचलून काउंटरजवळ, आत्याच्या शेजारी नेलं. नखं कापली गेली, मलम आलं. आत्यानं डोक्यावर पाणी मारायचं सोडलं, पण ते तिला पटलेलं नव्हतं हे तिच्या प्रत्येक उसाशातून कळत होतं. सगळं नीट झालं. फक्त नाक धरायची वेळ आली तेव्हा घोटाळा झाला.

डाग काढणाऱ्या माणसाच्या हाताला एक खोड असते. औषध लावायचं, टिपायचं, उचलून बघायचं. पुन्हा लावायचं, टिपायचं, बघायचं. उचलून बघितलं नाही तर औषध कापडच खाऊन टाकतं. भिंगरीचा हात इतकी वर्षं हेच करत आला होता. तिनं मुंगीचं नाक धरलं, डोळे मिटले, ओठ चावला, आणि तिच्या नकळत बोटं सैल झाली. रक्त टपकलं. तिनं पुन्हा धरलं. पुन्हा उचलून पाहिलं. तिकडे इस्त्री चालू आहे का, म्हणून एकदा मान वळवली तेव्हाही बोटं सुटली. शेवटी मुंगी गुदमरल्या आवाजात म्हणाली, "बाबा धरतील मला."

बाबानं धरलं. तो चादरीसमोर उभा राहतो तसाच उभा राहिला, आणि रक्त थांबलं.

भिंगरीला इतकं वाईट वाटलं की तिनं उगाचच धुतलेल्या टॉवेलांची घडी मोडून पुन्हा घातली. आपल्या पोरीला आपला हात नको झाला. आणि त्याहून वाईट म्हणजे, पोरीचं बरोबर होतं. त्या रात्री ती मुंगीच्या अंथरुणाशी बसली आणि म्हणाली, "शनिवारी गायचं नसेल तर नको गाऊस." मुंगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. ती म्हणाली, "बरं." पण ते बरं म्हणणं काही बरं वाटल्यासारखं नव्हतं.

शनिवारी सकाळी बाबा गाडी घेऊन हॉटेलच्या चादरी पोचवायला गेला. आत्या काउंटरवर होती. पांढऱ्या खोलीत सगळे फ्रॉक ओळीनं टांगलेले होते, ताठ, खळ दिलेले, एकसारखे. फक्त एक सगळ्यात आखूड. भिंगरीनं तो हँगरवरून काढला.

"गायचं नाही तर नाही," ती म्हणाली. "नुसता अंगाला लावून बघ. तुझ्या मापाचा आहे."

मुंगी दाराच्या उंबऱ्यावर उभी होती. त्या लाल स्वेटरमधे, हात पाठीशी. तिनं फ्रॉककडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, लहान मुलांच्या चेहऱ्यावर खेळण्याच्या दुकानासमोर येतं तसं. भिंगरीला नवल वाटलं. आणि तेवढ्यात मुंगीचा हात नाकाला गेला, मान मागे पडली, आणि ती वळून चालायला लागली. भराभर, ताठ, एकही थेंब न सांडता. न्हाणीघराचं दार आपटलं. कडी लागली.

"मुंगे! दार उघड!"

आतून नळाचा आवाज.

"अगं, मान खाली कर! गिळू नकोस! डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?" भिंगरी दार ठोठावायला लागली. एका हातात फ्रॉक तसाच होता. "उघड बाई, तुझ्या पाया पडते. मी धरते तुला. नाही सोडणार."

दार बोटभर उघडलं. फटीतून मुंगीची वर केलेली हनुवटी दिसली आणि वरखाली होणारा गळा. गिळत होती. तिनं आईकडे बघितलं, मग आईच्या हाताकडे.

"आधी तो ठेवून ये," ती म्हणाली.

भिंगरीनं हातातल्या फ्रॉककडे पाहिलं. मग पोरीच्या स्वेटरकडे पाहिलं, तो का निघत नव्हता ते तिला आता समजलं: लालावर लाल दिसत नाही. पांढरं का आवडत नाही तेही समजलं. नाक फुटलं तरी चालेल, पोटात सगळं गेलं तरी चालेल, पण पांढऱ्यावर थेंब नको. हा नियम तिनं स्वतः केला होता आणि या घरात तो सगळ्यात मनापासून एका आठ वर्षांच्या पोरीनं पाळला होता.  तिला वाटलं की तिथेच बसून मोठ्यानं रडावं, पण रडायला आता वेळ नव्हता.

ती खरंच बसली. न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर, भिंतीला पाठ लावून. पांढरा, खळ दिलेला फ्रॉक तिनं मांडीवर पसरला.

"ये. इथे पुढ्यात बस. मान खाली."

"त्याच्यावर पडेल!"

"पडू दे."

"आई, त्याच्यावर पडेल ना!"

"पडू दे म्हणते ना मी. ये."

मुंगी आली. गुडघ्यांवर बसली, पण मान काही खाली येईना, इतकी ताठ तिनं ती धरली होती. भिंगरीनं तिच्या मानेवर हात ठेवला आणि ओढलं नाही, नुसता ठेवला. हळूहळू मान वाकली. एक थेंब फ्रॉकवर पडला. मुंगीनं श्वास रोखला. दुसरा पडला, तिसरा पडला, तोंडातलंही बाहेर आलं, आणि छत काही कोसळलं नाही. कुणी ओरडलं नाही. तेव्हा भिंगरीनं नाक धरलं. हाडाच्या खाली, मऊ जागी.

बाजूच्या मशीननं नेमकं तेव्हाच पिळायला सुरुवात केली. त्या मशीनचं पिळणं दहा मिनिटांहून जरा जास्त चालतं हे भिंगरीला पाठ होतं, तिला घड्याळाची गरज नव्हती. मशीन थांबेपर्यंत, तिनं मनाशी ठरवलं.

काउंटरची घंटा वाजली. तिचे खांदे उडाले. बोटं हलली नाहीत.

"अगं ए!" आत्यानं बाहेरून हाक मारली. "गाण्याच्या बाई आल्यात!"

भिंगरीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"अगं, कुठे आहेस? इस्त्री चालू राहिलीय वाटतं, वास येतोय!"

वास खरंच येत होता, तापलेल्या कापडाचा. भिंगरीच्या अंगातली एकेक शीर उठून तिकडे धावत होती. जाऊन यायला लागतो किती वेळ, चार पावलं तर आहेत, डाव्या हातानं धरून उजव्या हातानं... ती दातओठ खात बसून राहिली. "आत्या, तुम्हीच बंद करा!" ती ओरडली. आत्याला तिनं कधी इस्त्रीला हात लावू दिला नव्हता.

"आई," मुंगी खालून नाकात बोलली, "तू हलतेयस."

"पाय हलतोय. हात नाही हलत."

"उघडू नकोस हं."

"नाही उघडत."

"थांबलंय का बघू नकोस."

"नाही गं बघत. तू बोलू नकोस."

मशीन गरगरत होतं. फरशीचा ओलावा साडीतून आत येत होता, पाठीला भिंत बोचत होती. तिच्या चिमटीत पोरीचं नाक होतं, कोमट, बारीक, आणि मनगटावर पोरीचा तोंडाचा श्वास येत जात होता. इतका वेळ तिनं मुंगीला कधी धरलं होतं ते तिला आठवेना. बाहेर बाईंचा आवाज आला, आत्याचा आला, बटणांच्या डबीचा खळखळाट झाला. घंटा पुन्हा वाजली. ती उठली नाही.

मशीन थांबलं, शेवटची टुणटुण झाली.

"आई, मशीन थांबलं."

"थांबू दे," भिंगरी म्हणाली, आणि आणखी थोडा वेळ धरून राहिली. मग बोटं काढली. दोघी वाट बघत बसल्या. एकही थेंब आला नाही.

मुंगीनं नाकाखाली हात धरून पाहिला, मग मांडीवरच्या फ्रॉककडे पाहिलं. छातीपाशी सहा-सात लाल डाग होते, एक चांगला रुपयाएवढा. 

"आता मी काय घालू?" ती म्हणाली, आणि आत्तापर्यंत एकदाही न रडलेली पोर हमसून हमसून रडायला लागली.

म्हणजे गायचं होतं तिला. पहिल्यापासून गायचं होतं. भिंगरीनं तिचं तोंड पदरानं पुसलं, अलगद, नाकाला धक्का न लावता. "अशी रडू नकोस, पुन्हा सुटेल," ती म्हणाली. "चल, ऊठ. बघ इकडे."

तिनं फ्रॉक उलटा केला आणि गार पाण्याची धार मागच्या बाजूनं डागावर सोडली. लालाचं गुलाबी झालं, गुलाबीचं पाणी झालं. साबणाचा हात फिरवला, पुन्हा धार सोडली. मुंगीचं रडणं थांबलं. ती पाण्यावर वाकून बघायला लागली. मोठा डाग पहिला गेला, आणि गेला तो असा की कुठे होता ते शोधावं लागेल.

"रक्त निघतं?" मुंगीनं विचारलं.

"निघतं म्हणजे? ओलं असेल तर सगळ्यात आधी तेच निघतं. गार पाणी हवं फक्त."

 मुंगी हिशेब लावत असावी, कितीतरी दुपारचा, कितीतरी घोटांचा. मग तिनं वर बघून विचारलं, "मग तू ओरडायचीस कशाला?"

नळ वाहत होता.  भिंगरीनं ओला फ्रॉक उगाचच पुन्हा धारेखाली धरला. जगभरच्या लोकांच्या कपड्यांतलं रक्त तिनं काढलं होतं. हे निघतं, एवढं एक वाक्य तिनं आपल्या पोरीला सांगितलं नव्हतं.

"मला वाटलं तुला माहीत आहे," ती म्हणाली.

"मला कुणी सांगितलंच नाही."

"नाही," भिंगरी म्हणाली. "चुकलं माझं."

 मुंगीनं बाह्या वर सारल्या. "मी धुऊ उरलेले?"

भिंगरी बाजूला सरली आणि नळाची जागा तिला दिली. मुंगीनं आई धरते तसा फ्रॉक धरला, मागच्या बाजूनं धार सोडली आणि दोन बोटांनी एक बारीकसा डाग चोळायला लागली. चोळता चोळता ती काहीतरी गुणगुणत होती. भिंगरीनं कान दिला. तेच गाणं होतं, आणि आवाज खरंच खणखणीत होता.

"अहो, झाले का फ्रॉक?" काउंटरवरून गाण्याच्या बाईंनी विचारलं. "उशीर होतोय मला!"

एरवी या हाकेवर भिंगरी अर्ध्या वाटेत पोचलेली असती. ती न्हाणीघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"सगळे तयार आहेत," ती तिथूनच म्हणाली. "एक राहिलाय. आमच्या मुंगीचा. ती धुतेय, तिचं होऊ दे."